अंगठा कुणाचा हे नंतर, यंत्र कोणतं हे आधी

नोव्हेंबर लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या सेवा केंद्रांवर निवृत्तिवेतनधारकांची रांग दिसू लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, तेव्हापासून हा दाखला अंगठा लावूनही काढता येतो. त्याच रांगेत कन्नड-वैजापूरकडून पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी आलेला शेतकरी असतो. टेबलावर मुठीत मावेल एवढं यंत्र, त्याला वर छोटी काच आणि मागे यूएसबीची वायर. कुणी त्याला थंब मशीन म्हणतं, कुणी नुसतंच कंपनीच्या नावानं मंत्रा किंवा मॉर्फो. अंगठा ठेवायचा, काचेखालचा दिवा लागतो, आणि ऑपरेटर म्हणतो, “काका, जरा दाबून ठेवा.”

अंगठा काकांचाच आहे का, हे दूरवरच्या सर्व्हरवर ठरतं. पण त्याआधी एक प्रश्न सुटलेला असावा लागतो आणि त्याकडे रांगेतल्या कुणाचं लक्ष जात नाही. हा ठसा ज्या यंत्रातून आला ते यंत्र कोणतं? त्या जातीची यंत्रं देशभरात असंख्य असताना टेबलावरचं हे एक नेमकं कसं ओळखायचं? या प्रश्नाला संगणकाकडे एकच उत्तर नाही, चार-पाच आहेत. कीबोर्ड, माउस, बारकोड स्कॅनर, वजनकाटा, थंब मशीन अशी कुठलीही माहिती आत घेणारी यंत्रं घ्या, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे बहुतेक घोटाळे एका उत्तराच्या जागी दुसरं वापरल्यामुळे होतात.

वायर लावल्या क्षणापासून सुरुवात करू. यूएसबीचं कुठलंही यंत्र जोडलं की संगणक आधी त्याची चौकशी करतो. यंत्र उत्तरादाखल १८ बाइटांचा एक ठरावीक तक्ता पाठवतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात: बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि त्या कंपनीनं मॉडेलला दिलेला क्रमांक. कंपनीचे क्रमांक यूएसबीचे नियम ठरवणारी संस्था वाटते, मॉडेलचे क्रमांक ज्या त्या कंपनीनं आपले आपण द्यायचे. दोन्ही १६ बिटांचे, म्हणजे प्रत्येकी ६५,५३६ शक्यता. ते सोळाच्या पायात लिहितात, त्यामुळे आकड्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. लॉजिटेक ०४६डी, मायक्रोसॉफ्ट ०४५ई, एचपी ०३एफ०. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘डिटेल्स’ भाग उघडला आणि ‘हार्डवेअर आयडीज’ निवडलं, की हे दोन आकडे ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ या अक्षरांपुढे दिसतात. ड्रायव्हर शोधताना संगणक हेच आकडे पाहतो.

यंत्र नावही सांगतं, पण नावावर विसंबू नये. एकाच कंपनीच्या दहा वस्तूंना एकच मोघम नाव असतं, भाषा बदलली की काही ठिकाणी तेही बदलतं. छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना हे वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, तरी गाड्यांवरचं एमएच २० तसंच राहिलं आणि विमानतळाचा आयएक्सयू हा संकेतही. रेल्वेनं मात्र २०२५ मध्ये स्थानकाच्या नावाबरोबर संकेतही बदलला, एडब्ल्यूबीचं सीपीएसएन केलं. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी तीन अक्षरं पक्की बसवलेली होती तिथे कुणाला तरी हात घालावा लागला असणार. ओळख कशाला बांधायची हे ठरवताना ती गोष्ट बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधी पाहावं.

कंपनी आणि मॉडेल या दोन आकड्यांनी जात कळते, नग कळत नाही. कार्यालयात एकाच मॉडेलचे वीस माउस असतील तर विसांचे दोन्ही आकडे सारखेच. नग ओळखायला त्या तक्त्यात अनुक्रमांकाची सोय आहे, पण ती ऐच्छिक. गंमत अशी की पेन ड्राइव्हसारख्या साठवणीच्या यंत्रांना स्वतःचा किमान बारा अक्षरी अनुक्रमांक असावा असा नियम आहे, माउस-कीबोर्डला मात्र तसं बंधन नाही. स्वस्त मालात अनुक्रमांकाची जागा बहुधा रिकामीच असते. त्याहून वाईट म्हणजे काही कारखाने सगळ्या नगांत एकच अनुक्रमांक भरून मोकळे होतात. रिकामी जागा परवडली, कारण तिथे संगणकाला निदान कळतं की माहिती नाही.

मग अनुक्रमांक नसेल तर संगणक काय करतो? जागा पाहतो. विंडोज अशा यंत्राला स्वतःच एक ओळख बनवून देतं आणि ती कुठल्या खाचेत वायर लावली यावर ठरते. तीच वायर शेजारच्या खाचेत लावली की विंडोजच्या लेखी ते दुसरं यंत्र. ‘नवीन उपकरण बसवत आहोत’ असा संदेश पुन्हा येतो तो यामुळे. यंत्राची ओळख विंडोजनं बनवलेली आहे की यंत्रानं स्वतः सांगितलेली, हेही त्याच ‘डिटेल्स’मध्ये कळतं: ओळखीच्या शेवटच्या तुकड्यात दुसरंच अक्षर ‘अँड’चं चिन्ह असेल तर ती विंडोजची बनावट.

हे कोरडं वाटत असेल तर बाजार समितीतल्या आडत दुकानात जरा उभं राहा. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा संगणकाला जोडायला वापरतात ती यूएसबी-सिरीयल वायर. तिच्यातली स्वस्त चिप अनेकदा सीएच३४० नावाची असते आणि तिला बहुधा अनुक्रमांक नसतो. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘काटा कॉम ३ या पोर्टवर आहे’ असं एकदा भरून ठेवलेलं. सकाळी झाडलोट करताना वायर निघते, पोऱ्या ती दुसऱ्या खाचेत लावतो, विंडोज तिला कॉम ७ देतं, आणि मक्याचं पोतं काट्यावर असताना पडद्यावर ‘काटा सापडत नाही’. दुरुस्तीवाला येतो, वायर जुन्या खाचेत लावतो, पैसे घेतो. खरं तर सॉफ्टवेअरनं कॉमचा आकडा लक्षात ठेवायलाच नको होता. सुरू होताना सगळे कॉम तपासून त्या चिपचे कंपनी-मॉडेल क्रमांक जिथे सापडतील तो पोर्ट उचलायचा, एवढं पुरे होतं. दुकानात तसली वायर एकच आहे, म्हणून जात ओळखली तरी भागतं. दोन काटे असतील तर मात्र जात पुरत नाही, आणि तेव्हा खाचेवरून ओळखणं हेच शहाणपणाचं: डावीकडची खाच मोठ्या काट्याची, उजवीकडची छोट्याची, आणि वर चिकटपट्टी लावून तसं लिहायचं.

बारकोड स्कॅनरची अडचण आणखी वेगळी. बहुतेक स्कॅनर संगणकाला आपण कीबोर्ड असल्याचं सांगतात. पट्टी वाचली की आकडे भराभर ‘टाइप’ करतात आणि शेवटी एंटर दाबतात. हे सोयीचं आहे, कारण वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण संगणक सगळ्या कीबोर्डांची अक्षरं एकाच ओघात मिसळतो. एका टेबलावर आवक मोजणारा स्कॅनर आणि जावक मोजणारा स्कॅनर असे दोन असतील तर आलेला आकडा कुणी पाठवला हे साध्या खिडकीतल्या सॉफ्टवेअरला कळत नाही. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हापासून यासाठी ‘रॉ इनपुट’ नावाची सोय आहे. सॉफ्टवेअरनं आधी कळवायचं की मला अक्षरं न मिसळता हवीत. मग प्रत्येक कळीबरोबर ती कुठल्या यंत्राकडून आली याची एक खूण मिळते. ही खूण तात्पुरती असते, वायर काढून लावली की बदलते, म्हणून ती साठवून ठेवायची नसते. तिच्यावरून यंत्राची लांबलचक ओळख विचारून घ्यायची आणि ती साठवायची. पुष्कळ नवशिके खूणच साठवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरून बसतात.

लिनक्समध्ये हा सगळा कारभार उघड्यावर दिसतो, म्हणून शिकायला तो बरा. यंत्रं सापडतील त्या क्रमानं त्यांना इव्हेंट०, इव्हेंट१, इव्हेंट२ असे क्रमांक मिळतात आणि पुढच्या वेळी क्रम बदलू शकतो. त्यामुळे सोबत आणखी दोन यादीवजा फोल्डर तयार होतात. एकात यंत्र त्याच्या ओळखीवरून शोधता येतं, दुसऱ्यात जागेवरून. कोणता प्रश्न विचारायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, असंच जणू ती व्यवस्था म्हणते, आणि मला ते विंडोजच्या झाकपाकीपेक्षा प्रामाणिक वाटतं.

इथवरच्या सगळ्या ओळखींत एक मोठी उणीव आहे. त्या यंत्रानं सांगितलेल्या असतात आणि संगणक त्या मान्य करतो. काही रुपयांची प्रोग्रॅम करता येणारी चिप घेऊन तिच्यात कुठल्याही कंपनीचा क्रमांक आणि हवा तो अनुक्रमांक भरता येतो. काट्याच्या किंवा माउसच्या बाबतीत त्यानं कुणाचं बिघडत नाही. अंगठ्याच्या बाबतीत बिघडतं.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला क्रमांक दिला गेला. पडताळणीच्या पहिल्या काही वर्षांत थंब मशीन म्हणजे जवळपास साधा कॅमेरा होता. ते ठसा टिपायचं, संगणकातल्या सॉफ्टवेअरकडे द्यायचं, आणि पुढे तो कुलूपबंद करून आधारच्या सर्व्हरकडे पाठवायचं काम त्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे मधल्या टप्प्यावर ठसा उघडा असायचा. तिथे कुणी त्याची प्रत काढून ठेवली तर माणूस समोर नसताना तोच ठसा पुन्हा पाठवता येत होता. ही नुसती कल्पना नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं साठवलेल्या ठशांच्या वापराबद्दल पोलिसांत तक्रार केली. जुलै २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात एकाच व्यक्तीच्या नावावर ३९७ व्यवहार झाले होते.

त्याच वर्षी प्राधिकरणानं नियम बदलला. यापुढे फक्त ‘नोंदणीकृत यंत्रं’ चालतील. नव्या रचनेत प्रत्येक यंत्राला कंपनीकडून एक संकेतांक मिळतो, जो देशात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला नसतो. त्याच्या जोडीला एक गुप्त किल्ली तयार होते. तिचा उघड जोडीदार, म्हणजे प्रमाणपत्र, कंपनी आपल्या किल्लीनं सही करून देते आणि कंपनीच्या किल्लीमागे प्राधिकरण उभं असतं. अशी ही हमीची साखळी. या किल्ल्या कायमच्या नसतात, ठरावीक काळानं बदलाव्या लागतात.

आता काकांनी अंगठा ठेवला की काय होतं ते सावकाश पाहू. ऑपरेटरच्या संगणकावर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालू असतो. तो यंत्राच्या कंपनीनं दिलेला असतो. पोर्टलचं पान या प्रोग्रॅमला हाक मारतं: ठसा दे. प्रोग्रॅम यंत्राकडून ठसा घेतो, पण पोर्टलला उघडा ठसा कधीच देत नाही. आधी ठसा, ती वेळ आणि यंत्राचा संकेतांक या तिन्हींवर मिळून यंत्राच्या गुप्त किल्लीनं सही होते. मग त्या एका व्यवहारापुरती नवीन किल्ली बनवून सगळं कुलूपबंद केलं जातं, आणि ती किल्ली फक्त प्राधिकरणालाच उघडता येईल अशा तऱ्हेनं दुसऱ्या कुलपात घातली जाते. बाहेर पडणाऱ्या संदेशात कंपनीचा संकेत, आरडी सर्व्हिसचा संकेत आणि आवृत्ती, यंत्राचा संकेतांक, मॉडेल आणि प्रमाणपत्र असे तपशील मात्र वाचता येतात. पोर्टलला एवढंच कळतं की ठसा कुठल्या यंत्रानं दिला. ठसा कसा आहे ते त्याला दिसत नाही.

तिन्हींवर मिळून सही, यातच सगळी गोम आहे. सही फक्त ठशावर असती तर कालचा सही केलेला ठसा आज पाठवता आला असता. वेळ बांधली, त्यामुळे तो शिळा ठरतो. संकेतांक बांधला, म्हणून एका यंत्राचा ठसा दुसऱ्याच्या नावावर खपत नाही. नुसता संकेतांक सांगणं आणि त्या संकेतांकाची किल्ली जवळ असल्याचं दाखवून देणं, यांत फरक इतकाच आणि एवढा मोठा.

सही कुठे होते यावरून यंत्रांचे दोन दर्जे आहेत. एल झिरोमध्ये सही आणि कुलूप लावण्याचं काम संगणकातल्या सॉफ्टवेअरच्या पातळीवर होतं. एल वनमध्ये ते यंत्राच्या आत, बाहेरच्या प्रोग्रॅमला शिरकाव नसलेल्या सुरक्षित भागात होतं. किल्ली संगणकात ठेवली तर संगणकावर ताबा मिळवणारा किल्लीपर्यंत पोचू शकतो, हे उघड आहे. म्हणून प्राधिकरण सगळ्यांना एल वनकडे नेत आलं आहे. केंद्रचालकाला याचा अर्थ एवढाच की चालू असलेलं यंत्र बाजूला ठेवून नवीन घ्यायचं, आणि त्याची कुरकुर मला रास्त वाटते, कारण खर्च त्याच्या खिशातून जातो आणि समोरच्या काकांना फरक काहीच दिसत नाही.

ऑपरेटरला रोज भेडसावणारी भानगड मात्र किल्लीची नसते, पत्त्याची असते. विंडोजवर आरडी सर्व्हिस संगणकाच्या आतल्याच एका पत्त्यावर हाकेची वाट पाहत बसते. १११०० ते १११२० हे पोर्ट त्यासाठी राखून ठेवले आहेत. नियम असा की पोर्टलनं १११०० पासून एकेक दार वाजवत जायचं, ‘कोण आहे, यंत्र तयार आहे का’ असं विचारायचं, आणि ‘तयार’ असं उत्तर देणाऱ्याकडूनच ठसा मागायचा. घाईत लिहिलेलं पोर्टल पहिलंच दार वाजवून थांबतं. ऑपरेटरनं जुनं मॉर्फो काढून नवीन मंत्रा लावलेलं, पण मॉर्फोची सर्व्हिस काढून टाकायची राहिलेली. ती १११०० वर बसून आहे, मंत्राची सर्व्हिस गेली १११०१ वर. पोर्टल १११०० ला विचारतं, तिथे सर्व्हिस आहे पण यंत्र नाही. पडद्यावर ७२० हा आकडा येतो, म्हणजे यंत्र तयार नाही. यंत्र तर डोळ्यांसमोर दिवा लावून बसलेलं असतं. ऑपरेटर वायर काढतो, घालतो, संगणक बंद करून चालू करतो. उपाय साधा आहे, जुन्या कंपनीची सर्व्हिस काढून टाकायची. ७१० आला तर यंत्र दुसऱ्याच प्रोग्रॅमनं धरून ठेवलंय असं समजावं. बहुतेक वेळा दुसऱ्या टॅबमध्ये कुठलं तरी पोर्टल उघडं असतं. ७०० म्हणजे वेळ संपली, अंगठा टिपलाच गेला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हा तिसरा आकडा जास्त दिसत असेल तर नवल नाही. बोंडांच्या टोकदार कडांनी आणि राबून झिजलेल्या बोटांच्या रेषा काचेवर उमटत नाहीत. तिथे यंत्राची ओळख कितीही पक्की असली तरी उपयोग नाही. बोट पुसून, दुसरं बोट लावून किंवा चेहऱ्याच्या पडताळणीवर जाऊन काम उरकावं लागतं.

या सगळ्या बंदोबस्ताची हद्दही ओळखून असावं. यंत्र खरं आहे, किल्ली खरी आहे, वेळ आत्ताची आहे, पण काचेवर ठेवलेलं बोटच नकली असेल तर? २०१८ मध्ये तेलंगणात जमीन नोंदणीच्या कागदांवरचे ठसे घेऊन त्यांचे साचे बनवून त्यावर सिम कार्डं सुरू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं. साखळीतली प्रत्येक सही तिथे बरोबरच असणार. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये प्राधिकरणानं ठशातल्या रेषांच्या बारकाव्यांबरोबर बोटाचं चित्रही तपासून बोट जिवंत आहे का हे पाहायची व्यवस्था आणली. यंत्राचा संकेतांक अशा वेळी गुन्हा अडवत नाही, तो मागून कामाला येतो. कुठल्या यंत्रावरून असे व्यवहार झाले ते शोधता येतं आणि ते यंत्र बंद करता येतं.

माग काढता येणं ही मात्र दुधारी गोष्ट. माझ्या कीबोर्डचा न बदलणारा क्रमांक प्रत्येक संकेतस्थळाला मिळू लागला तर नाव न सांगताही माझा पाठलाग करता येईल. ब्राउझर बनवणाऱ्यांनी हे थोडं ध्यानात घेतलेलं दिसतं. क्रोमनं २०२१ मध्ये संकेतस्थळांना जॉयस्टिकसारख्या यंत्रांशी बोलायची जी सोय दिली, तिच्यात वापरकर्त्याच्या परवानगीनंतर कंपनी आणि मॉडेलचे क्रमांक मिळतात, अनुक्रमांक मिळत नाही. आधारच्या यंत्राला मुद्दाम अनन्य ओळख आणि घरच्या माउसला मुद्दाम नाही, हे मला योग्य वाटतं. सार्वजनिक कामाच्या यंत्राला लपून राहण्याचा हक्क नाही, माझ्या माउसला आहे.

राहिला जुन्या यंत्रांचा व्यवहार. केंद्र बंद करणारे आपली थंब मशीनं स्वस्तात विकतात आणि घेणारेही निघतात. असं यंत्र घेताना वायर लावून दिवा लागतो का, एवढ्यावर सौदा करू नये. आरडी सर्व्हिसची मुदत असते, ती संपली असेल तर नूतनीकरणाचे पैसे कंपनीला वेगळे भरावे लागतात. यंत्र एल झिरोचं असेल तर स्वस्त मिळालं तरी महागच. खाली चिकटवलेल्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. तो उतरवून घ्यावा, पैसे मोजण्याआधी कंपनीकडे त्या क्रमांकाची मुदत विचारावी, आणि पट्टी खरवडलेली दिसली तर यंत्र तिथेच ठेवून परत यावं.